हॉलंडला जाऊन आलेलं घर

निवृत्त माणसानं दोन गोष्टींपासून लांब राहावं असं माझं आता ठाम मत झालं आहे. एक, गल्लीच्या मंडळाचं चिटणीसपद. आणि दोन, संस्कृतीचा प्रसार. पहिलीला हो म्हटलं की दुसरी मागच्या दारानं घरात शिरते. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात गेली. आमच्या खात्यात कुठलीही गोष्ट पसरायला लागली की ती ताबडतोब थांबवायची, अशी शिकवण. त्यामुळे प्रसाराचा मला अनुभव शून्य. चिटणीस मी झालो तो केवळ वेळेवर पोचल्यामुळे. सभेला दिलेल्या वेळेवर येणारा मी एकटाच होतो, आणि बाकीचे येईपर्यंत त्यांनी फोनवरून मला बिनविरोध निवडून दिलं होतं. माझी बायको शिऊ-ग्वेई असती तर तिनं मला उशिरा सोडलं असतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. हल्ली मला उशीर व्हावा असं घरात काही घडत नाही.

तर एके दिवशी नगरपालिकेच्या संस्कृती विभागातून याओ मॅडम आल्या. मॅडम म्हणजे वयानं माझ्या मुलापेक्षा लहान, पण हातात फाइल असली की माणूस मोठा दिसतो. बरोबर अननसाच्या वड्यांचा डबा होता. सरकारी माणूस गोड घेऊन आला की समजावं, काम आपल्यालाच करायचं आहे.

"काका, हॉलंडमध्ये आपलं एक भगिनी-शहर आहे," त्या म्हणाल्या. "तिथे तैवान सप्ताह होणार आहे. प्रत्येक गल्लीनं काहीतरी सुचवायचंय. फक्त बाहुल्या नकोत, कंदील नकोत आणि चहा नको. ते सगळं तैपेईवाले नेतात."

"मग आमच्याकडे उरतं काय?"

"तेच तुम्ही शोधायचंय."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, कित्येक महिन्यांत कुणी मला काही विचारलं नव्हतं. मुलगा कॅनडात, तो रविवारी फोन करतो आणि जेवलात का विचारतो. मी जेवलो म्हणतो. मग दोघंही हवामानाबद्दल बोलतो, आणि त्याचं हवामान माझ्यापेक्षा थंड असल्यामुळे शेवटी तोच जिंकतो. बाकी सगळा आठवडा घर खायला उठतं. अशा माणसाला कुणी 'शोधायचंय' म्हटलं तर तो चंद्रावरसुद्धा जाईल. हॉलंड त्या मानानं जवळ होतं.

आमची गल्ली सगळे निर्णय हुंग वहिनींच्या न्याहारीच्या दुकानात घेते. वहिनी माझ्या खालच्या मजल्यावर राहतात, पहाटेपासून अंड्याच्या पोळ्या लाटतात आणि लोकांच्या संसारात लक्ष घालतात. वरच्या मजल्यावरचा फान तिथे आधीच बसलेला होता. फाननं जन्मभर विमा विकला. जगातल्या प्रत्येक दुर्घटनेबद्दल त्याचं मत तयार असतं.

"ज्वांगबाईंचं दुकान," फान म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे आहे तसं?"

ते मात्र खरं होतं. आमच्या कोपऱ्यावर ज्वांगबाई बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद यांची घरं बांधतात. माणूस गेला की त्याच्या नावानं असं घर जाळायचं. धूर इकडे, घर तिकडे. दुमजली घर, सज्जा, मोटार, नोकर, फ्रीज, सगळं कागदाचं. एकेक घर माणसाच्या खांद्याएवढं उंच. बाईंनी केस लाल रंगवलेले, कानाला कायम फोन, आणि समोर टीव्हीवर मालिका. मालिकेत कुणी मेलं की त्या लगेच त्याच्या घराचा आराखडा सांगू लागतात.

मी त्यांना सगळा बेत समजावून सांगितला. त्यांनी फोनवरच्या माणसाला थांबवलं आणि विचारलं, "घर कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? प्रदर्शनाचं."

"प्रदर्शन मेलंय का?"

मी अननसाच्या वड्यांचा डबा पुढे केला.

"साहेब, मालक नसलेलं घर मी बांधत नाही. रिकामं घर दिसलं की वाटेवरचा कुणीही आत शिरतो. आणि तिकडचाच कुणी शिरला, तर त्याला बाहेर काढायला तुम्हाला त्याची भाषा येते?"

झालं. आता संस्कृतीसाठी एक मेलेला माणूस शोधणं आलं. हुंग वहिनींनी मोठ्या मनानं आपले सासरे देऊ केले. पण सासऱ्यांचं घर त्यांच्या मुलांनी तेव्हाच जाळलं होतं, आणि ज्वांगबाईंचा नियम असा की एका नावावर एकच घर. "सरकारी योजनेतही हीच अट असते," फान म्हणाला. मग आम्ही गल्लीतले एकूण एक मृत आठवले. सगळ्यांची सोय झालेली होती. एका आजोबांच्या घराला तर लिफ्ट होती, आणि जिवंतपणी ते माझ्यासारखेच जिना चढून दमत. शेवटी तव्यावरची पोळी उलटताना वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिऊ-ग्वेईचं राहिलंय ना, भाऊजी."

राहिलं होतं, आणि ते तिच्याच सांगण्यावरून. आजारपणात तिनं मला बजावलं होतं, "माझ्यामागे कागदाची घरंबिरं जाळत बसू नका. मी तिकडे भाड्यानं राहीन. तेवढीच चार माणसांत राहीन." एवढं बोलून ती हसली होती. कुठल्याही गंभीर गोष्टीचा शेवट ती हसून करायची आणि मला निर्णय घ्यायला एकट्याला सोडायची. आमचा अर्धा संसार भाड्याच्या घरांत गेला. अखेर हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, तेव्हा तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं सोडलं होतं. शेवटचं वर्ष तिनं खिडकीतून गल्ली बघण्यात काढलं. तळमजल्यावरचं घर ही तिची एकच मागणी होती, आणि तीही तिनं कधी मोठ्यानं केली नाही. तीन वर्षं ती तिकडे भाड्यानं राहतेय, हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग निघेना.

तरी तिला न विचारता कसं करणार? मी देवघरात तिच्या फोटोसमोर कौल लावला. आमच्याकडे कौलाला लाकडाच्या दोन चंद्रकोरी असतात, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. त्या जमिनीवर टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर हो. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही. आणि दोन्ही सपाट वर आल्या तर तो हसरा कौल, म्हणजे समोरचा नुसता हसतोय.

"तुझ्या नावानं घर बांधतोय," मी म्हणालो. "आधी हॉलंडला दाखवून आणू, मग तुला पाठवू. चालेल?"

हसरा कौल. पुन्हा टाकला, हसरा. तिसऱ्यांदाही हसराच.

"हसतेय म्हणजे नाही म्हणत नाहीये," ज्वांगबाईंनी निकाल दिला. फान म्हणाला, विम्यात याला संमती धरतात.

मग घर सुरू झालं आणि गल्लीला काम मिळालं. घर एकमजली, उंबरठासुद्धा ठेवायचा नाही, हे मी सांगितलं. बाकी मला काही सांगायला मिळालंच नाही. वहिनींनी स्वयंपाकघर हातात घेतलं आणि फ्रीजमध्ये कागदाचे मासे, मुळे आणि अर्धी पपई ठेवायला लावली. अर्धीच का, तर शिऊ-ग्वेई पूर्ण पपई कधी संपवत नसे. फाननं स्कूटर सुचवली, आणि विमेवाला असल्यामुळे हेल्मेटही. माजोंग या सोंगट्यांच्या खेळाचं टेबल आलं, चार खुर्च्या आल्या. तिच्याबरोबरच्या तिघी कोण, यावर दोन सकाळी वाद झाला. अखेर वहिनींच्या सासूबाई, फानची मोठी बहीण आणि भाजीवाल्या मावशी असं ठरलं. तिघीही तिकडेच होत्या. बाईंनी नेहमीप्रमाणे नोकर-मोलकरणीची जोडी करायला घेतली, ती मी थांबवली. मोलकरीण यायच्या आधी शिऊ-ग्वेई सगळं घर स्वतः झाडून ठेवायची, न जाणो बाई काय म्हणेल.

मी फक्त एक गोष्ट मागितली: पाण्याचा मीटर. आणि तो बरोबर जागी, मुख्य झडपेच्या पुढे, काटा दिसेल असा. बाईंनी कागदावरून नजर वर केली.

"साहेब, तिकडे मीटर कोण वाचायला येणार?"

"मी," मी म्हणालो.

बाईंनी फोन बंद केला आणि कामटी तासत बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "दाराशी तुमच्या चपला ठेवणार होते. नाही ठेवत. उगाच घाई व्हायची." मीटर मात्र त्यांनी फार सुरेख केला. आमच्या खात्याचेसुद्धा इतके नीट नसत.

इथपर्यंत सगळं आपल्या माणसांत होतं. मग फाइल वर गेली. वरून शेरा आला की सप्ताह आनंदाचा आहे, तेव्हा मृत्यूचा उल्लेख नको. त्यामुळे शिऊ-ग्वेईचं घर 'पारंपरिक कागदी वास्तुकला' झालं. पुढचा शेरा दारावरच्या नावाबद्दल. व्यक्तीची खासगी माहिती परदेशी जाते आहे, तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी.

"ती वारली आहे," मी म्हणालो.

"हो काका, पण ते लिहिता येत नाही ना," याओ मॅडम म्हणाल्या. "मृत्यूचा उल्लेख नकोय."

शेवटी तिच्या वतीनं मीच सही केली. नात्याच्या रकान्यात 'पती' लिहिताना फार दिवसांनी बरं वाटलं.

मग हॉलंडच्या अग्निशामक दलाचा निरोप आला. कागद आणि बांबू असलेली वस्तू सभागृहात ठेवायची तर ती पेट घेणार नाही असं प्रमाणपत्र लागेल. "काही नाही हो, एक औषध फवारतात, दिसतसुद्धा नाही," मॅडम म्हणाल्या. ज्वांगबाई तेव्हा दक्षिणेत एका मोठ्या अंत्यविधीला गेल्या होत्या. रंग उडणार नाही ना, एवढंच मी विचारलं. नाही म्हणाल्या. मी मान डोलावली. पाणीखात्यातल्या माणसाला आग विझली की समाधान वाटतं, ही त्याची सवय.

बाई परतल्या आणि त्यांनी ऐकलं. आधी त्या खाली बसल्या.

"न जळणारं घर?" त्या म्हणाल्या. "साहेब, म्हणजे न शिजणारा भात. मग शिऊ-ग्वेई वहिनींना पोचणार कसं ते?"

तोवर घर आतून-बाहेरून फवारून पेटीत गेलं होतं आणि पेटी बंदरावर. फाननं धीर दिला. तिकडचं औषध तिकडच्या आगीला, म्हणाला; आपल्या आगीपुढे काय टिकतंय. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेनं उतरेल. मला ते पटवून घ्यायचंच होतं, म्हणून पटलं.

शिष्टमंडळात मी असणार असं मला वाटत होतं. मला एकट्यालाच नव्हे, गल्लीलाही वाटत होतं, कारण मीच सगळ्यांना सांगितलं होतं. लोकरीचा कोट घेतला. हॉलंडमध्ये जमीन समुद्रसपाटीच्या खाली असूनही लोक कोरडे कसे राहतात, यावर मी वाचून ठेवलं. मग कळलं की नगरपालिकेचे उपाध्यक्ष जाणार आणि त्यांच्या पत्नी. "काका, घर तर जातंय ना तुमचं," मॅडम म्हणाल्या. आमच्याकडे त्या ऋतूत पंखा लावूनही घाम येतो. कोट कपाटात टांगला तो तसाच आहे.

प्रदर्शन गाजलं. आमच्या वर्तमानपत्रात फोटो आला: उंच उंच डच लोक गुडघ्यांवर बसून शिऊ-ग्वेईच्या स्वयंपाकघरात डोकावतायत, एक मुलगी अर्ध्या पपईकडे बोट दाखवतेय. वहिनींनी तो फोटो दुकानात लावला. मी भिंगातून बघितला, तेव्हा मीटरखालची पाटी दिसली. तिथे 'भिंतीवरचे घड्याळ' असं छापलं होतं आणि उपाध्यक्ष त्याकडे बघून वेळ सांगत असावेत असा त्यांचा चेहरा होता. माझा सगळा जन्म मीटरांत गेला आहे. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही, आणि ते विचारायलाही कुणी नव्हतं.

नंतर मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "काका, तिथल्या संग्रहालयाला घर कायमचं ठेवून घ्यायचंय. म्हणजे ते घर अमर झालं."

"ते अमर व्हायला बांधलेलं नाही," मी म्हणालो. "जाळायला बांधलंय."

"पण केवढा मान आहे हा आपल्या शहराचा."

"शहराला दुसरं घर द्या. हे तिचं आहे."

त्यानंतर प्रत्येकानं माझी समजूत घातली. उपाध्यक्षांनी बोलावून चहा पाजला. फान म्हणाला, "अरे, तिचं नाव तिथे कायम राहील. हजारो लोक बघायला येतील."

"तिला तिघीच लागायच्या, चौथी ती," मी म्हणालो. "हजार लोकांना ती चहा कुठून करणार?"

नोकरीत मी कधी साहेबाला उलटून बोललो नव्हतो. बोलायला लागलो तेव्हा मलाच माझा आवाज ओळखू येईना. शेवटी मी एकमेव हत्यार काढलं. म्हटलं, घर परत आलं नाही तर मी चिटणीसपद सोडतो. त्यासरशी सगळी गल्ली माझ्या बाजूला आली. कारण मी सोडलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागलं असतं. गल्लीचं शिष्टमंडळ नगरपालिकेत गेलं, वहिनींनी दुकान बंद ठेवलं, आणि न्याहारी चुकलेल्या कारकुनांनी फाइल हलवली.

घर परत आलं. प्रवासात पुढचं दार मोडलं होतं. ज्वांगबाईंनी नवं लाल दार केलं आणि त्यावर तिचं नाव पुन्हा सोनेरी अक्षरांत लिहिलं. हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही ते नदीकाठच्या मोकळ्या मैदानात नेलं. घर जळताना वाटमारे भुरटे आत्मे ते पळवू नयेत म्हणून घरच्या माणसांनी दोरी धरून भोवती कडं करायचं असतं. घरचा माणूस मी एकटा. एकट्या माणसाला कडं करता येत नाही. मी दोरी हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा वहिनींनी काही न बोलता दुसरं टोक उचललं, मग फाननं मधला भाग धरला, मग सगळी गल्लीच कडं करून उभी राहिली. याओ मॅडमही आल्या होत्या. त्यांनी रजा टाकली होती.

मी पत्ता मोठ्यानं सांगितला, नाव सांगितलं, आणि म्हणालो, "शिऊ-ग्वेई, घर आलंय. घेऊन जा."

बाईंनी काडी लावली. लाल दार भप्पकन पेटलं, सोनेरी अक्षरं वळली, क्षणात राख वर उडाली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मग आग चौकटीपाशी आली, थोडी थांबली आणि विझली.

पुन्हा काडी लावली. कोपरा काळा पडला, तेवढंच. तांदळाची दारू ओतली. ती जळली, घर नाही. वहिनींनी पंख्यानं वारा घातला. फान म्हणाला, "दर्जा बघ. निर्यातीचा माल आहे." ज्वांगबाई गवतात बसून राहिल्या. उभ्या आयुष्यात त्यांचं एकही घर असं जमिनीवर राहिलं नव्हतं. याओ मॅडमनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं आणि वाचलं. औषधाचा परिणाम निदान दहा वर्षं टिकेल, अशी हमी त्यात होती.

आधी वहिनींना हसू फुटलं. त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला, पण खांदे हलायला लागले. मग फान, मग बाई, मग दोरी धरलेली सगळी गल्ली. मीही हसलो. हसता हसता मला रडू आलं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी दोरी गुंडाळायला घेतली.

बाईंनी दुसरं घर देऊ केलं, पण त्यांचं त्यांनाच आठवलं. हे आहे तोवर त्या नावावर दुसरं नाही. नगरपालिकेच्या गोदामात जागा नव्हती. म्हणून सगळ्यांनी मिळून ते माझ्याकडे आणलं. एकमजली, तळमजल्यावरचं घर तीन जिने चढून वर आलं आणि माझ्या दिवाणखान्यात बसलं. टीव्ही त्याच्यामागे गेला आहे. फ्रीजमध्ये मासे आहेत, स्कूटर आहे, मीटरचा काटा शून्यावर आहे. दाराची जागा तेवढी रिकामी आहे. दार तिच्याकडे गेलं आणि घर माझ्याकडे राहिलं.

सगळे गेल्यावर मी कौल घेतला. "दार पोचलं का?" विचारलं. हसरा कौल. भाड्याच्या खोलीला एवढं सोनेरी दार लावून ती शेजारणींना दाखवत असेल, हे मला स्पष्ट दिसलं. "घराचं असं झालं, रागावलीस का?" पुन्हा हसरा. इतक्या दिवसांत घरात कुणी हसलं नव्हतं, म्हणून मी उगाचच आणखी काही विचारत राहिलो. कोट विकू का, मुलाला सांगू का. ती हसतच होती.

मग मी म्हणालो, "घर इकडे, दार तिकडे. दहा वर्षं कोण थांबणार? मीच येऊ का?"

दोन्ही चंद्रकोरी फुगीर बाजू वर करून पडल्या. नाही. मला वाटलं हात चुकला असेल. पुन्हा टाकल्या, नाही. तिसऱ्यांदा जरा वरून टाकल्या. एक गडगडत कागदी घराच्या दाराच्या रिकाम्या जागेपाशी गेली, डुलली, आणि फुगीर बाजू वर करून थांबली.

या सगळ्या प्रकरणात तिनं दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. मी कौल उचलून ठेवला आणि एकट्यापुरता भात लावला.